डाव्या पायाचा बूट

क्लीव्हलंडच्या विमानतळाजवळच्या हॉटेलात,
तळघरात, जिथे एरवी लग्नांच्या पंगती उठतात,
दर फेब्रुवारीत दोन दिवस आमचा बाजार भरतो.
माझ्या टेबलावर लायटर, काड्यापेट्या,
सिनेमातल्या त्या क्लबचं नाव कोरलेले अ‍ॅशट्रे.
खरे आहेत असं मी म्हणत नाही.
खोटे आहेत असंही नाही.
कुणी विचारलंच, तर मला खोकला येतो.

शेजारी गाएतानो स्कालिया.
वय सत्त्याऐंशी. पेशा : मढं.
अठ्ठावन्न सालच्या त्या सिनेमात तो बावीस सेकंद आहे,
त्यातले एकोणीस मेलेला.
बेकरीतून निघतो, पावाची पिशवी छातीशी,
काळी गाडी वळते,
आणि दुसऱ्याच्या नावच्या गोळ्या याला लागतात.
पिशवी फाटते. पाव घरंगळतात.
डावा बूट पायातून निसटून गटाराच्या कडेला जाऊन बसतो.
कॅमेरा तिथे क्षणभर थांबतो, मग नायकामागे निघून जातो.
बारा डॉलर मिळाले होते. आणि सूप.

आता स्वतःच्या प्रेताच्या फोटोवर सही करायचे
तो वीस घेतो.

रांगेत ट्रकवाले, शिक्षक, एकदा तर एक पाद्री.
सगळ्यांना सिनेमा पाढ्यांसारखा पाठ.
काय आहे एवढं त्यात, मी बरेचदा विचार केला.
बहुतेक जण सांगतात : बाबांबरोबर पाहिला होता.
बाबा गेले. सिनेमा आहे.
आणि ज्याचं घरी कुत्रं ऐकत नाही
असा कुणी गृहस्थ माझ्याकडची टोपी चढवतो, जराशी तिरकी,
आरशात बघतो,
आणि भाव न करता पैसे देतो.

गाएतानोचा थोरला भाऊ, नून्त्सियो,
दोन वर्षांनी खराच मेला तसा, त्याच गल्लीत.
शूटिंगला अख्खी गल्ली खिडक्यांत लोंबकळत होती.
त्या दिवशी सगळ्या खिडक्या बंद.
हे तो एकदाच बोलला, थर्मासचं झाकण लावता लावता.
त्याचा फोटो कुणी मागत नाही.
नाहीच मुळी फोटो.

यंदा डुलुथहून एक दंतवैद्य आला, लिंडक्विस्ट.
पांढरे हातमोजे, काचेची पेटी.
पेटीत बूट.
लिलावात एकतीसशेला घेतलेला. तळव्यावर सही हवी होती.

मी मनात म्हटलं, आलं, मढ्याच्या टाळूवरचं लोणी.
(आणि मी काय खातो इतकी वर्षं?)

गाएतानोनं बूट उचलला. हातमोजे न घालताच.
दंतवैद्याचा श्वास अडकला.
म्हातारा बराच वेळ टाच बघत राहिला,
मग आत हात घातला, कोपरापर्यंत जाईल असा,
आणि पुढच्या टोकातून
कागदाचा एक बोळा ओढून काढला.
पिवळा, दगडासारखा घट्ट. वर्तमानपत्राचा.

‘नून्त्सियोचे बूट होते,’ तो म्हणाला.
‘माझे फाटलेले. सिनेमात दिसणार म्हणून त्यानं दिले.
दोन नंबर मोठे.
म्हणून कागद.
तरी निसटला.’

मग पुन्हा, जरा हळू : ‘त्यांनी परत दिला नाही.
मी पाच गल्ल्या बर्फातून एका बुटावर आलो
आणि आईनं दारातच हाणला.
नून्त्सियो नुसता हसत होता.’

त्या निसटण्यावर लोकांनी काय काय लिहिलंय.
नियती म्हणे. दिग्दर्शकाची प्रतिभा म्हणे.
माझ्याकडे त्या बुटाच्या किल्ली अडकवायच्या साखळ्या आहेत,
चार डॉलरला एक, भरपूर खपतात.

‘घालून बघू का?’ म्हाताऱ्यानं विचारलं.
‘कृपा करून नको,’ दंतवैद्य म्हणाला. वाईट माणूस नव्हता,
डोळे भरले होते त्याचे. ‘घातला की किंमत उतरते.’

गाएतानोनं मान हलवली. सही केली.
वीस डॉलर घेतले नाहीत.

लिंडक्विस्टनं बूट पेटीत ठेवला.
मग तो कागदाचा बोळा चिमट्यानं उचलून
वेगळ्या पारदर्शक पिशवीत घातला,
वर तारीख लिहिली.
आता त्या दोन वस्तू झाल्या.